लाल झाकण

रविवारी सकाळी तेजसने एक मोजा पायात घातला आणि दुसरा हातात घेऊन तो गच्चीवर गेला. वाटेत पंपाचं बटण दिसलं, ते त्याने दाबलं. टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकायला तो टाकीला कान लावून बसला. मग समोरच्या इमारतीवर कबुतरं उतरली आणि तो कठड्याकडे धावला. मोजा टाकीजवळ राहिला, पंप चालूच राहिला, आणि थोड्या वेळाने भाडेकरूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी कोसळू लागलं.

"बगा, वाहली टाकी!" खाली अंगणात तांदूळ निवडत बसलेली गोजरा ओरडली. "आज पावनं यायचं, आन् या पोराच्या आंगात सकालपासनं वारा भरलाय!"

सासूचा आवाज ऐकून चारुलता जिन्याकडे धावली. पण तिच्या आधी नणंद पोचली होती. सोनलने काही न बोलता बरणीचं लाल झाकण वर धरलं. जिन्यावरून दोन दोन पायऱ्या गाळत येणारा तेजस एक पाय हवेत ठेवून थांबला. तिने हिरवं झाकण दाखवलं तेव्हा तो सावकाश उतरला आणि तिच्या कमरेला बिलगला.

"आत्या, मी सिग्नल तोडला नाही."

"नाहीच तोडलास. पंप मात्र कोणी चालू केला, राजा?"

तेजस लाजून हसला. चारुलताही हसली. या घरात तिला हसू यायचं ते सोनलमुळे.

सीवूड्सच्या खाडीकडच्या अंगाला, जुन्या गावठाणात, देवजींची ही तीन मजली इमारत होती. शेती गेली, मिठागर गेलं आणि त्या जागी भाडेकरू आले. देवजींचा मुलगा सुयश बांधकामाचं सामान पुरवायचा. सून चारुलता पावणे इथल्या एका कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तेजस त्यांचा एकुलता एक, आठ वर्षांचा.

पहिलीत असताना शाळेने त्याला वर्गापेक्षा वर्गाबाहेरच जास्त बसवलं, तेव्हा चारुलता त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. बऱ्याच तपासण्यांनंतर त्यांनी सांगितलं की याला एडीएचडी आहे. हा हट्ट नाही आणि वळण लावण्यात झालेली चूकही नाही. लक्ष टिकवण्याची आणि स्वतःला आवरण्याची मेंदूची क्षमता अशा मुलांमध्ये वेगळ्या गतीने वाढते. मग त्यांनी विचारलं होतं, "घरात आणखी कोणी लहानपणी असं होतं?"

"कोणी नाही," सुयशने लगेच उत्तर दिलं होतं.

निघताना डॉक्टर चारुलताला म्हणाले, "घरातलं आणखी एक माणूस तुमच्या बाजूने उभं करा. हे एकट्या आईला झेपत नाही."

त्या एका माणसाचा शोध तिने घरातच सुरू केला. सुयश म्हणाला, "पोरगा आहे, मस्ती करणारच. उगाच टेन्शन घेतेस." गोजराने भगताकडून अंगारा आणला आणि तेजसच्या दंडाला काळा दोरा बांधला. देवजी खुर्चीत बसून पाय हलवत राहिले आणि "मोटा झाला का व्हईल बरा" एवढंच बोलले. सोनल मात्र चारुलताच्या खोलीत येऊन बसली. डॉक्टरांनी दिलेली माहिती तिने दोनदा वाचली.

"वैनी, हा मुद्दाम करत नाही तर. आणि आपण त्याला मारत होतो." तिचे डोळे भरून आले. "तू टेन्शन घेऊ नको. मी आहे ना."

आणि ती खरोखरच होती. तेजसचा अभ्यास छोट्या तुकड्यांत करून घेणं, काम पूर्ण झाल्याबरोबर शाबासकी देणं, हे सगळं ती शिकली. लाल आणि हिरव्या झाकणांचा खेळ तिचाच. चारुलता कामावरून उशिरा आली तरी घरात रडारड नसायची. आपण याला मोठा करू शकू, असं तिला वाटू लागलं ते या मुलीच्या भरवशावर.

आता सोनलचं लग्न ठरत होतं. पसंती झाली होती, आज मुलाकडची माणसं घर बघायला येणार होती. घर बघायचं म्हणजे भिंती आणि फरशा बघायच्या नसतात. अंथरुणाला खिळलेलं कोणी आहे का, पोरंबाळं कशी आहेत, कोणाला काही 'आहे' का, हे बघायचं असतं. म्हणून अशा दिवशी अनेक घरांतली एखादी खोली बाहेरून बंद असते. त्या खोलीत कोण आहे, हे पाहुण्यांनी विचारायचं नसतं आणि घरच्यांनी सांगायचं नसतं.

"त्याला जुईनगरला तुजे आयसकडं धाड," गोजराने तांदळाचं सूप बाजूला ठेवत सुनेला सांगितलं. "सांजच्याला आन परत."

"तो कुठेही जाणार नाही, आई. हे त्याचंही घर आहे."

"मंग माजे पोरीचा लगीन मोरल, चालंल तुला?"

सुयश मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. तेव्हा सोनलच मध्ये पडली. "अगं आई, राहू दे ना त्याला. वरच्या खोलीत बसवते, चित्रं काढेल. मी सांभाळते." आणि वळून म्हणाली, "वैनी, माझ्यावर सोड."

चारुलताने तिचा हात दाबला.

दुपारी पाहुणे आले. नवऱ्या मुलाची आई मुक्ताबाई ठसठशीत बाई होती. सरबताचा पेला हातात घेऊन तिने आधी छत बघितलं, मग माणसं बघितली.

"घर झ्याक हाय. किती शांतबी हाय," ती म्हणाली. "आमचेकडं पोरांनी नुसता बाजार मांडलेला असतो. तुमचा नातू कुटं?"

"झोपलाय जरा," सोनल पटकन म्हणाली.

चारुलताच्या हातातला ट्रे थबकला. तेजस दुपारचा झोपत नसे. आजारी असतानाही नाही. वरून खरोखरच काही आवाज येत नव्हता, आणि इतका वेळ त्या शांततेचा तिला अभिमान वाटत होता.

ती वर गेली. दाराला बाहेरून कडी होती. आत तेजस जमिनीवरच्या चटईवर वेडावाकडा झोपला होता. चित्राचा कागद कोरा होता. तिने हाक मारली, हलवलं, तोंडावर पाणी शिंपडलं. त्याच्या पापण्या किंचित उघडल्या आणि पुन्हा मिटल्या. ओठ चिकट होते. मुठीत लाल झाकण होतं. खिडकीत चमचा आणि गोजराच्या सर्दीच्या औषधाची बाटली ठेवलेली होती.

सोनल तिच्या मागोमाग आली होती. भरजरी साडी दोन्ही हातांनी उचलून ती दारात उभी राहिली.

"किती दिलंस?"

"वैनी, तो बसतच नव्हता. आधी थोडंसंच दिलं, पण—"

"किती दिलंस, सोनल?"

"वैनी, हळू बोल ना. खाली ऐकू जाईल."

चारुलताने तिच्याकडे पाहिलं. सोनलला तेजस ओझं वाटत नव्हता, हेही खरं होतं. बाटली हातात घेताना तिने स्वतःला समजावलं होतं की एक दुपार फक्त, उद्यापासून पुन्हा झाकणं, पुन्हा अभ्यास. पण आज तिचं स्वतःचं काही पणाला लागलं होतं, आणि तेजसच्या गळी काहीही उतरवण्याचा सोपा रस्ता फक्त तिच्याकडे होता. तो तिच्या हातून काहीही प्यायला असता.

चारुलताने बाटली आणि मुठीतलं झाकण पिशवीत टाकलं आणि मुलाला खांद्यावर घेतलं. जिन्यावर सुयश आडवा आला. "मागच्या जिन्याने ने. मी यांना काहीतरी सांगतो."

ती पुढच्याच जिन्याने उतरली, थेट दिवाणखान्यात. लोंबकळणारे हात आणि लुळी मान सगळ्यांनी पाहिली.

"याला काय झाला?" मुक्ताबाई उठून उभी राहिली.

"तुमच्यासमोर शांत राहावा म्हणून याला औषध पाजलंय. याला एडीएचडी आहे. एका जागी बसणं याला जमत नाही. दवाखान्यात नेतेय."

"म्हंजे... रक्तातला हाय का काय?"

नाही म्हणणं सोपं होतं. "काही अंशी असतं," चारुलता म्हणाली आणि चपला घातल्या.

मुक्ताबाईने देवजींकडे पाहिलं. देवजींना उत्तर माहीत होतं. पण त्यांनी मान खाली घातली. खुर्चीखाली त्यांचा पाय हलत होता.

फाटकासमोर पाहुण्यांची गाडी आडवी लागली होती आणि ती काढा म्हणायचं सुयशला सुचलं नाही. चारुलता नाक्यापर्यंत मुलाला घेऊन धावली आणि रिक्षात बसली.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी बाटली पाहिली, तेजसचा श्वास आणि नाडी तपासली आणि त्याला देखरेखीखाली ठेवलं. संध्याकाळ व्हायच्या आत त्या म्हणाल्या, "धोका टळलाय. आणखी उशीर झाला असता तर श्वास मंदावला असता. पण हे याच्या पोटात गेलं कसं, ते मला लिहावं लागेल. मी येते."

त्या गेल्या आणि सुयश आत आला.

"चारू, ऐक. पोरानं स्वतःच बाटली घेतली म्हण. उगाच पोलिसांचं लफडं नको. सोनलचं आयुष्य आहे."

"त्याने घेतली म्हणू?"

"अगं, सगळ्यांना पटेल. तो तसाच आहे ना."

इतका वेळ न रडलेली चारुलता खाटेची कड धरून उभी राहिली. औषध नणंदेने दिलं होतं, पण हे त्याहून जास्त होतं. ज्या आजाराचं नाव या माणसाने कधी तोंडातून काढलं नव्हतं, तो आजार आज त्याच्या सोयीचा झाला होता. तेजस जागा होईल, आणि सगळं गाव त्याला सांगेल की दोष तुझाच होता. आणि तो विश्वास ठेवेल. त्याला तशी सवय होती.

डॉक्टर परत आल्या तेव्हा चारुलता सुयशच्या समोरच म्हणाली, "त्याने स्वतः घेतलं नाही. घरातल्या मोठ्या माणसाने पाजलं. त्याच्या आत्याने. लिहा."

सुयश तडक बाहेर निघून गेला. थोड्या वेळाने देवजी आले. खाटेजवळच्या स्टुलावर बसले. पाय हलू लागला.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "मी बी असाच व्हतो. मास्तर मना शालंच्या खांबाला बांदून ठेवायचा. मगाशी बोलायला पायजे व्हता."

"हो, पायजे होतं. आता मला सांगून काय उपयोग?"

 खाटेवर तेजसने कूस बदलली. त्याने डोळे उघडून आजोबांकडे पाहिलं. त्यांचे शब्द त्याच्या कानावर पडले होते.

"तुम्हाला बांधलं होतं? मग सोडवलं कोणी?"

देवजींनी नातवाच्या उशाजवळच्या लाल झाकणावर हात ठेवला.

"कोनी नाय. माजी आय आलेली शालंत. दारानशी बगलान, आन् परत गेली."

"का?"

"मास्तरला घाबरली असंल. लोकांना लाजली असंल. मना ठाव नाय, बाला. पन ती दारात उबी व्हती, ते अजून आठवतंय."

दारात कोणीतरी हललं. सोनल होती. भरजरी साडी अजून अंगावर होती, काजळ गालावर उतरलं होतं. मुलाकडचे काय म्हणाले हे सांगायला ती आली होती की माफी मागायला, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. तेजसचा चेहरा एकदम उजळला. त्याने झाकण वर धरलं.

"आत्या! मी उठलोच नाही. पाहुणे जाईपर्यंत उठायचं नाही, असा खेळ होता ना? मी जिंकलो ना?"

सोनलने तोंडावर पदर घेतला आणि पाऊल मागे घेतलं.

"थांब," चारुलता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. "तुझं लग्न होवो न होवो, यापुढे माझ्या मुलाच्या खोलीला बाहेरून कडी लागणार नाही. ती कडी निघाल्याशिवाय मी त्याला त्या घरात आणणार नाही. ते मी बघेन. तू फक्त आत ये, आणि त्याला तुझ्या तोंडाने सांग की तो खेळ नव्हता."

तेजस झाकण वर धरून वाट पाहत होता. देवजींचा पाय हलायचा थांबला होता.

सोनल अजून दारातच उभी होती.