चिठ्ठीवरची दुसरी सही

"ट्रे बाहेर कुणी काढला?"

सिस्टरचा हा आवाज माझ्या चांगला ओळखीचा आहे. वॉर्डात कुणाच्या औषधाची वेळ चुकली की हाच आवाज निघत असणार. मी पेपरात तोंड खुपसलं.

"अहो, तुम्हालाच विचारतेय. पाच मिनिटं आंघोळीला गेले तर एवढ्यात काय उद्योग केलात?"

"जरा बाहेर राहू दे ना," मी म्हटलं. "बर्फासारखा गार आहे."

"असू दे गार. कालपासून भिजतोय तो. चिठ्ठीत काय लिहिलंय?"

चिठ्ठीत काय लिहिलंय ते मला तोंडपाठ होतं. तिने फ्रेंच टोस्टचा तो जड काचेचा ट्रे उचलला, परत फ्रिजमध्ये ठेवला आणि दार लावून घेतलं. झालं, म्हटलं मनात. आज अब्रू जाणार. माझी नाही, तिची.

सिस्टर म्हणजे माझी बायको. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणते, म्हणून मीही म्हणायला लागलो. बायकोला सिस्टर म्हणतो म्हणून लोक हसतात, हसू देत. बावीस वर्षं तिने हॉस्पिटलात रात्रपाळी केली आणि गेल्या महिन्यात निवृत्त झाली. शनिवारी ड्यूटीवर जायच्या आधी, संध्याकाळी, ती ब्रेडचे जाड तुकडे ट्रेमध्ये मांडायची. अंडी, दूध, साखर, दालचिनी एकत्र फेटून वर ओतायची. झाकण लावायची आणि त्यावर चिठ्ठी चिकटवायची: 'सकाळी फ्रिजमधून थेट ओव्हनमध्ये. चाळीस मिनिटं.' खाली सही, तारीख, वेळ. नवऱ्याला लिहिलेल्या चिठ्ठीवर तारीख-वेळ घालणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. रविवारी नऊला ती घरी आली की आम्ही तिघं खायला बसायचो. ते तिचं रात्रीचं जेवण, लेकीचा नाश्ता आणि माझं दोन्ही. असल्या खाण्याला ब्रंच म्हणतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आता खरं सांगून टाकतो. ती चिठ्ठी चुकीची होती.

पहिल्याच रविवारी ट्रे चिठ्ठीबरहुकूम थेट आत घातला. वरून असा तपकिरी, फुगलेला, की बघत राहावं, आणि मध्ये चमचा घातला तर आत सगळं कच्चं. आणखी ठेवला तर वरचा कोळसा झाला. त्या दिवशी नशिबाने सिस्टरला यायला उशीर झाला. मी आणि लेकीने कडा खाल्ल्या, बाकीचं टाकून दिलं आणि तिला म्हटलं, "इतका भारी झाला होता, की तुला काही उरलंच नाही बघ." काय खूश झाली ती! सुजलेल्या पायांवरून मोजे काढता काढता हसत होती.

पुढच्या रविवारी मी साडेसहाला उठलो, ट्रे ओट्यावर काढून ठेवला आणि आठला ओव्हनमध्ये घातला. झकास झाला. तेव्हापासून दर रविवारी तेच.

सांगितलं का नाही, तर माझा धंदाच तसला. मी लिफ्टचा मेकॅनिक. लिफ्ट अडकली की जायचं, दुरुस्त करायची, हात पुसायचे, निघायचं. काय बिघडलं होतं ते कुणी विचारत नाही आणि मी सांगत नाही. शिवाय लेकीची वेणी मी घालायचो, शाळेच्या मीटिंगला मी जायचो, तिला ताप आला तर उशाशी मी असायचो. सिस्टर तेव्हा दुसऱ्यांच्या उशाशी. घरासाठी आपल्या हातून काही होत नाही, हा सल तिच्या मनात कायम होता. ट्रेमुळे तेवढा कमी व्हायचा. तिला कुठल्या तोंडाने सांगू, की तुझा ट्रे कच्चा राहतो? झाकली मूठ सव्वा लाखाची.

निवृत्तीनंतरचा हा पहिलाच ट्रे, आणि त्या रविवारी तिने मेट्रनबाईंना आणि वॉर्डातल्या दोघींना खायला बोलावलं होतं. बावीस वर्षं त्यांना ऐकवलं होतं, की मी आदल्या दिवशी करून ठेवते, घरच्यांना नुसतं ओव्हनमध्ये सरकवायचं काम. नऊपासून ती गुणगुणत स्वयंपाकघरात फिरत होती. सांगायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

साडेदहाला मंडळी आली. सकाळीच आलेली लेक कॉफी करत होती. सिस्टरने ट्रे आणला तेव्हा सगळ्यांनी "अगंबाई!" केलं. दिसत होताच तसा. तिने मेट्रनबाईंना मानाचा म्हणून नेमका मधला तुकडा काढला, आणि बशीत दुधाचा ओघळ आला.

मेट्रनबाईंनी कडेचा घास घेऊन "छान आहे हो" म्हटलं. सिस्टरचे कान लाल झाले.

"ओव्हन बिघडलाय," मी म्हणालो. "परवापासून कुरकुरतोय. संध्याकाळी खोलून बघतो."

"ओव्हनला काय धाड भरलीय?" लेक म्हणाली. "बाबा, तुम्ही आज साडेसहाला ट्रे बाहेर नाही काढलात? नेहमी काढता तो?"

घ्या! पोटची पोर, आणि नको तिथे खरं बोलते.

"नेहमी म्हणजे?" सिस्टरने विचारलं.

"नेहमी म्हणजे नेहमी, आई. मी शाळेत होते तेव्हापासून."

सिस्टर माझ्याकडे बघायला लागली. मी कॉफीत साखर घातली. आधीच घातली होती, तरी घातली. मेट्रनबाईंनी चमचा खाली ठेवला. "काय हो सिस्टर, ट्रीटमेंट बदलली आणि चार्टवर नोंद नाही?" तशा तिघी खो खो हसल्या. हसता हसता ट्रे परत ओव्हनमध्ये गेला, वर झाकण घालून, आणि गप्पा संपेपर्यंत शिजलाही. चाटूनपुसून खाल्ला सगळ्यांनी. सिस्टर मात्र माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

सगळे गेल्यावर मी भांडी घासत होतो, ती पुसत होती.

"बावीस वर्षं?"

"हं."

"दर रविवारी साडेसहाला? आठवड्यातून एक सुट्टी असायची तुम्हाला."

"सुट्टीच्या दिवशी मला झोप येत नाही."

"काहीतरीच. बारापर्यंत लोळायचा म्हणून सासूबाई रडायच्या." तिने तीच बशी पुन्हा पुसली. "मला वाटायचं, निदान एवढं तरी मी करते तुमच्यासाठी. तेही तुम्हीच करत होता."

"मी फक्त फ्रिजमधून काढायचो गं. लिफ्ट बांधणारा आणि बटण दाबणारा सारखेच का?"

ती हसली नाही. "वॉर्डात पाळी बदलताना देणारीची सही असते आणि घेणारीचीही. काय घडलं ते घेणारीने सांगायचं असतं. मी बावीस वर्षं चिठ्ठ्या लिहिल्या. तुम्ही उलट एक शब्द कळवला नाहीत."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. इतकी वर्षं मी समजत होतो, की आपण हिचा मान राखतोय. तिच्या बाजूने बघितलं, तर मी तिला तिच्याच घरातल्या रविवारच्या बाहेर ठेवलं होतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो. तिने मान हलवली आणि माझ्या हातातली बशी काढून घेतली.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी तिने ट्रे भिजवला. मीही शेजारी बसून ब्रेड कापून दिला. चिठ्ठीचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.

रविवारी सवयीने साडेसहाला डोळे उघडले. पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेलो. ट्रे ओट्यावर होता. झाकणावर नवी चिठ्ठी, तेच वळणदार अक्षर: 'सव्वासहाला बाहेर काढला. आठला ओव्हनमध्ये मी घालते. तुम्ही झोपा.' खाली तिची सही, तारीख, वेळ. त्याच्याही खाली एक रेघ ओढून लिहिलं होतं, 'घेणाऱ्याची सही'.

पेन सापडेना. कपाटावरची पेन्सिल घेतली, रेघेवर सही केली, वेळही टाकली. खोलीत आलो तर ती भिंतीकडे तोंड करून निजली होती.

"केलीत?" तिने तसंच विचारलं.

"केली."

"मग पडा आता."

मी पडलो. झोप काही आली नाही, पण आठ वाजेपर्यंत उठलो नाही.