बसून द्यायचं इंजेक्शन

मी स्टूल बोलतोय. हसू नका. इस्पितळात माझं नाव निघालं की लोकांना शौचाच्या तपासणीची डबी आठवते, आणि आम्हा चार पायांच्या लोखंडी गरिबांची फुकट बदनामी होते.

एका वेल्डरनं मला जोडलं, हिरवा रंग फासला आणि मी पुरुषांच्या वॉर्डात आलो. तेव्हा माझ्यावर हक्क मोठ्या सिस्टरांचा. शिरेतून औषध द्यायचं असलं की त्या मला पायानं खाटेशी ओढत, बसत, आणि घड्याळावर नजर ठेवून सिरिंजचा दट्ट्या हळूहळू रेटत. नव्या मुलींना म्हणत, "कुठलं औषध किती वेळात द्यायचं ते आधी बघा, मग हात लावा. शिरेत गेलेलं परत काढता येत नाही."

त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कुणीच आलं नाही. उरलेल्या सिस्टरांना बसायची फुरसत राहिली नाही, आणि माझ्यावर नातेवाइकांच्या पिशव्या नि थर्मास येऊन बसले.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक काका होते. किडन्या थकलेल्या, अंगभर सूज. काकू सकाळीच येत, पिशवी खाली ठेवून माझ्यावर बसत आणि सुरू होत. शेजारणीचं मांजर, गळका नळ, धाकट्या जावेचा फोन. काका डोळे मिटून पडलेले.

"झोपलात का?"

"ऐकतोय. तिनं फोन आपटला. पुढे?"

एका दुपारी धाकटी सिस्टर काकांचं सूज उतरवायचं, लघवी होण्याचं इंजेक्शन घेऊन आली. डोस मोठा होता. काकू उठल्या, ती माझ्यावर टेकली. दट्ट्या जेमतेम हलला असेल, तोच पलीकडून कुणाचा तरी मुलगा ओरडला, "सिस्टर, बाबांना श्वास घेता येत नाहीये!" वॉर्डात ती एकटी. हे औषध सावकाश द्यायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं; मोठ्या सिस्टरांच्याच हाताखाली शिकलेली ती. तिनं घड्याळाकडे बघितलं, त्या मुलाकडे बघितलं, आणि उरलेलं सगळं एका दमात रेटून पळाली.

पलीकडचे बाबा वाचले. इकडे काका कान चोळायला लागले.

"शिट्टी कोण वाजवतंय गं?"

"कुठे? कुणी नाही."

"आं? जरा मोठ्यानं बोल ना."

डॉक्टर आले. कुणी विचारायच्या आत धाकटी सिस्टर पुढे झाली. "सर, मी घाईत दिलं. एकदम."

डॉक्टरांनी काकांच्या कानाशी टिचकी वाजवून बघितली. मग म्हणाले, "हे औषध भरकन गेलं की कान जातात. कधी कधी परत येतं ऐकू."

सूज उतरली. ऐकू काही आलं नाही. उजव्या कानात थोडंसं उरलं, तेही तोंड लावून ओरडलं तर. चौकशी बसली. अख्खा वॉर्ड एकटीच्या गळ्यात कुणी घातला, एवढं सोडून सगळं विचारून झालं आणि तिला नोकरीवरून काढलं.

जाण्याआधी ती साध्या कपड्यांत खाटेशी आली. काकू माझ्यावरून उठल्या नाहीत.

"काका, माझं चुकलं. माफ करा मला."

"काय?"

ती पुन्हा म्हणाली, मोठ्यानं. सगळ्या वॉर्डानं ऐकलं, काका सोडून. त्यांनी काकूंकडे बघितलं. "काय म्हणतेय ही?"

काकूंनी माझ्या कडा दोन्ही हातांनी गच्च धरल्या होत्या. मग त्या वाकल्या आणि काकांच्या उजव्या कानाशी ओरडल्या, "ती जातेय! निरोप घ्यायला आलीय!"

"असं होय!" काका हसले. "गुणाची पोर आहे. सुखी राहा गं!"

ती तोंडात ओढणी कोंबून बाहेर गेली. काकू त्या दिवशी पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत.

आता माझा एक पाय वाकलाय. मला भिंतीला टेकवून ठेवलंय. भंगारवाला येईल तेव्हा जाईन. जाता जाता एकच मागणं. सिरिंज धरून खाटेशी बसलेली सिस्टर आराम करत नसते. तिला बसू द्या. आणि तेवढ्यात दुसरीकडून हाक आलीच, तर धावून जायला आणखी कुणीतरी ठेवा.