पट्ट्यावरचं तेल

मी एक जुनी सायकल आहे, मित्रांनो. पण सायकल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे येते तशी नव्हे. मला एकच चाक, आणि तेही जमिनीला टेकत नाही. माझ्यावर बसून कुणी बाजारात गेलं नाही की शाळेत गेलं नाही. मी व्यायामाची सायकल. जागच्या जागी चालायचं, बसणाऱ्याचा घाम काढायचा आणि किती चाललो ते मीटरवर खरं खरं दाखवायचं, एवढंच माझं काम. त्यातलं शेवटचं काम मी एकदा केलं नाही. ते सांगायचं म्हणून आज तोंड उघडलंय, पण सांगताना मान वर करवत नाही.

माझा जन्म दूर पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. माझ्या चाकाभोवती एक कापडी पट्टा आहे. हँडलखालची खुंटी पिळली की तो पट्टा चाकाला आवळतो आणि पायडल जड होतं. जड झालं की बसणाऱ्याला जोर लावावा लागतो, धाप लागते, आणि रोज थोडं थोडं करत माणसाचा दम वाढतो. म्हणजे माझा जडपणा हाच माझा गुण. हे तेवढं ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

१९९८ साली मी ट्रकमधून हिंगोलीला आले. तांड्यावरच्या प्रेमदासने गावात नवी जिम उघडली होती. एका दुकानाच्या माडीवर मोठा आरसा, लोखंडी वजनं, आणि कोपऱ्यात मी. वाटलं होतं, आता आपले दिवस. कशाचं काय! येणारी पोरं सगळी दंड फुगवायला यायची. दम वाढवायला कोण येतंय? आरशात दम दिसत नाही ना. माझ्या हँडलवर त्यांचे घामट टॉवेल वाळायचे. प्रेमदास बिचारा सांगून थकला. "अरे, पयले धा मिन्टं सायकल मारा, मंग वजनं उचला," म्हणायचा. ऐकतो कोण! पाच वर्षांत सगळे मिळून माझे शंभर किलोमीटरसुद्धा झाले नाहीत.

मग जिम बंद पडली. तिथं रखवालीला जळबा नावाचे गृहस्थ होते. मूळचे डोंगरकड्याचे. उभी हयात बैलगाडी आणि विहिरीवरचं इंजिन यांच्यासोबत गेलेली. प्रेमदास त्यांना म्हणाला, "काका, ही सायकल घेऊन जा घरी. करुणाताईच्या कामी येईल."

करुणा ही जळबांची मोठी मुलगी. वय अठ्ठावीस, वजन अठ्ठ्याहत्तर किलो. बसस्टँडजवळच्या एसटीडी बूथवर ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुर्चीत बसून असायची. हुशार पोरगी, पण गल्लीत तिला 'पोतं' म्हणायचे आणि तीसुद्धा हसून घालवायची. तिच्या मनात मात्र एकच होतं, वनरक्षक व्हायचं. परीक्षेची तिला भीती नव्हती. भीती होती ती चालण्याची. बायकांना चार तासांत सोळा किलोमीटर चालून दाखवावं लागायचं. आणि वयात बसतील अशा भरत्या उरल्या होत्या फार तर दोन.

मैदानावर ती एकदा गेली होती. पोरांनी शिट्ट्या मारल्या, तेव्हापासून गेली नाही. म्हणून घराच्या मागच्या खोलीत, दार लावून, ती माझ्यावर बसू लागली. पहिल्या दिवशी चार मिनिटांत उतरली आणि भिंतीला टेकून बसली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. चार मिनिटांची सहा झाली, सहाची दहा झाली. मी करकरायचे, ती धापा टाकायची. दर रविवारी ती रेल्वे स्टेशनवरच्या त्या रंगीत दिव्यांच्या वजनाच्या मशीनवर उभी राहून तिकीट घेऊन यायची आणि माझ्या हँडलला खोचायची. अठ्ठ्याहत्तर, सत्त्याहत्तर, पंच्याहत्तर. पाच वर्षं टॉवेल वाळवलेल्या मला पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू, मी हुरळून गेले.

आणि मग ती दुपार आली.

करुणा बूथवर गेली होती. तिची आई, कमलबाई, दारात गहू निवडत होत्या. जळबा आत आले, माझ्यापुढे उकिडवे बसले आणि हाताने पायडल फिरवून बघितलं. पायडल जड, वर माझी करकर.

"काय करून राहिलात?" कमलबाईंनी विचारलं.

"लेकराला किती तकलीफ व्हते बग की. घामानं वलीचिंब व्हती रोज. ह्या यंतराला वंगणच न्हाई. कुणी घातलंच न्हाई आजवर."

"तिला इचारून करा."

"त्यात काय इचारायचं? गाडीचा आस जड चालला तर बैलाला इचारतो का आपण?"

असं म्हणून त्यांनी फळीवरची तेलाची कुप्पी काढली आणि जिथं म्हणून काही हलत होतं तिथं तिथं तेल सोडलं. साखळीला सोडलं, पायडलला सोडलं, तिथवर ठीक होतं. पण मग त्यांनी माझ्या पट्ट्यालाही भरपूर तेल पाजलं. बोटाने सगळीकडे पसरवलं. किती मायेने! त्या माणसाने जन्मभर जड चाललेली प्रत्येक वस्तू तेल घालूनच हलकी केली होती. जड चालण्यासाठीच केलेलं एखादं यंत्र असतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

पट्टा गुळगुळीत झाला. माझी करकर थांबली. संध्याकाळी करुणा बसली आणि पाय असे भिरभिरले की तिलाच नवल वाटलं. अर्ध्या तासात मीटरवर आठ किलोमीटर!

"माय, माझा दम वाढला गं!" ती ओरडली. जळबा दारात उभे राहून मिशीत हसत होते. बोलले काही नाहीत. त्यांना वाटलं, लेकीच्या आनंदात आपण कशाला तोंड घालायचं.

मित्रांनो, ते भोळे होते. मी भोळी नव्हते. मला माहीत होतं की पट्टा घसरतोय. मला माहीत होतं की तिच्या पायांना काही ओझंच उरलेलं नाही. खुंटीपाशी थोडी खडखडले असते, साखळी एकदा उतरवली असती, तर कुणीतरी खाली वाकून बघितलं असतं. मी काही केलं नाही. करुणा उतरताना माझ्या हँडलवर थाप मारून म्हणायची, "तूच खरी मैत्रीण माझी," आणि ते ऐकायची मला चटक लागली होती. शेजारच्या पंचफुलाबाई यायच्या, मीटर बघून म्हणायच्या, "अगं बया, आज तर तू औंढ्याच्या अर्ध्या वाटंला गेलीस!" मीही मनातल्या मनात औंढ्याच्या अर्ध्या वाटेला जायचे. लाज वाटते आता सांगायला.

स्टेशनवरचं मशीन मात्र खरं बोलत होतं. पंच्याहत्तर. पुढच्या रविवारी पंच्याहत्तर. महिन्याने पुन्हा पंच्याहत्तर. करुणा म्हणाली, "ते मशीनच बिघडलंय." चार लोकांत उभं असलेलं ते परकं मशीन खोटं ठरलं, आणि घरातली मी खरी ठरले. ते तिकीट माझ्या हँडलला खोचलेलं असायचं तेव्हा मला त्याच्याकडे बघवत नसे.

२००४ साली भरती निघाली. करुणा आदल्या दिवसापर्यंत माझ्यावर रोज सोळा किलोमीटर पुरे करत होती. पहाटे निघताना कमलबाईंनी भाकरी बांधून दिली, जळबा सोबत गेले. मी दिवसभर दाराकडे कान लावून होते.

दुपारी गल्लीत जीप थांबल्याचा आवाज आला. करुणाला धरून उतरवावं लागलं. लंगडत आत आली आणि सगळ्या गल्लीने ते बघितलं. झालं होतं असं की पहिले पाच किलोमीटर ती जोरात चालली, माझ्यावर चालायची तशी. मग धाप लागली. मग पोटऱ्या आखडल्या. बाराव्या किलोमीटरच्या दगडाला टेकून ती जी बसली, ती उठलीच नाही.

"बाबा, माझ्या अंगातच न्हाई ते," ती म्हणाली. "रोज सोळा मारून बी झालं न्हाई. म्हंजे मीच तशी हाय. पोतं ते पोतंच."

रडली नाही. उठून एक चादर आणली आणि माझ्यावर टाकली. त्या चादरीखाली मी पाच महिने होते. वर हळूहळू धुतलेले कपडे आले, मग न धुतलेले आले, मग गोधड्या आल्या. पूर्वी जिममध्ये टॉवेल पडायचे तेव्हा मला राग यायचा. या वेळी राग आला नाही. वाटलं, तोंड झाकलेलं आहे तेच बरं आहे. पण ती दिवसेंदिवस आपल्या अंगाला दोष देत होती आणि मला सगळं माहीत असून मी गप्पच होते. असं वाटायचं, मला भंगारात तरी द्या एकदाचं.

एक दिवस प्रेमदास आला. आता तो जवळा बाजारला आडत दुकानावर होता, हिंगोलीला काही कामाने आला होता. भरतीचं ऐकून त्याने गोधड्या बाजूला केल्या आणि माझ्यावर बसला. एक पायडल मारलं. पाय भिर्रकन फिरला. त्याने खुंटी पिळली. पिळतच गेला. तरी पाय भिर्र. मग खाली वाकून पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"काका, हिला तेल कुणी पाजलं?"

जळबांनी आधी फळीवरच्या कुप्पीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मीच पाजलं, भरतीच्या सहा म्हैने आधी," ते म्हणाले. "काहून? लई जड चालून राहिली व्हती."

"अहो, जडच चालाया पायजे ती! पट्ट्याला तेल म्हंजे नुसतं हवेत पाय हलवणं झालं. सहा म्हैने ताई हवेत पाय हलवून राहिली! आन वरून सायकलीचे सोळा आन पायाचे सोळा बराबर थोडेच असतात?"

सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांच्या जळबांनी डोक्याचा रुमाल काढून तोंडाला लावला आणि ते लेकराप्रमाणे हुंदके देऊ लागले. "तुला घाम आलेला मला बघवला न्हाई गं पोरी. हलकं व्हईल म्हून घातलं मी. तुजी नोकरी म्याच घालवली."

करुणाचा चेहरा आधी लाल झाला. "मला एकदा सांगायचं तरी, बाबा! एकदा!" ती ओरडली. मग एकदम थांबली. वाकून माझ्या पट्ट्यावरून तिने स्वतःचं बोट फिरवलं.

"म्हंजे," ती हळूच म्हणाली, "माझ्या अंगातच न्हाई, असं न्हाई तर?"

"अंगाला तू कामच कुठं दिलं अजून?" प्रेमदास म्हणाला.

तेव्हा ती रडली. भरतीच्या दिवशी न आलेलं रडू तेव्हा आलं, आणि मित्रांनो, रडता रडता ती हसत होती.

जळबांनी पट्टा काढून रॉकेलने धुतला, मग साबणाच्या चुऱ्याने धुतला. तरी तो घसरेच. शेवटी त्यांनी स्वतःच्या बाजेची नवार कापली आणि तिचा पट्टा माझ्या चाकाला बांधला. त्या रात्रीपासून ते जमिनीवर वाकळ टाकून झोपले. नवारीचा पट्टा खरखरीत होता. मी पुन्हा जड झाले, पुन्हा करकरू लागले. करुणाने पायडल मारलं आणि तिसऱ्या किलोमीटरलाच ती घामाने निथळून उतरली. मीटरवर तीन. मला वाटलं, आता ती खचेल. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तीन तर तीन."

प्रेमदासने नियम घालून दिला. तीन दिवस सायकल, तीन दिवस सडक, एक दिवस आराम, आणि दर आठवड्याला थोडंच वाढवायचं. "चालताना बोलता आलं पायजे, पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं म्हणता आलं तर समजा, तुमी हळू चालून राहिलात." मग करुणा उजाडताच औंढा रोडने निघायची आणि पाण्याची बाटली घेऊन मागे जळबा. पंचफुलाबाई दारातून ओरडायच्या, "आज कुणीकडं वरात?" पंधरा दिवसांनी त्याही चपला घालून वरातीत सामील झाल्या. शिट्ट्या वाजायच्या त्या वाजल्याच. पण करुणा आता थांबत नव्हती.

पुढची भरती निघेपर्यंत दोन वर्षं गेली. तिच्या वयाला चालणारी ती शेवटचीच होती. स्टेशनवरचं तिकीट तेव्हा सहासष्ट म्हणत होतं. सोळा किलोमीटर तिने तीन तास पंचवीस मिनिटांत पार केले आणि यादीत तिचं नाव आलं. खाकी घालून पहिल्यांदा घरी आली तेव्हा ती माझ्या हँडलवर थाप मारायला आली. मित्रांनो, मला ती थाप घ्यायची लाज वाटली. तिने बापाला माफ केलं, तो तिचा मोठेपणा. पण मलाही दोषी धरायला हवं होतं हे तिला कधी कळलंच नाही. म्हणून आज तुम्हाला सांगतेय.

तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं यंत्र असेल. त्याच्यावर धूळ बसू देऊ नका, कपडे टाकू नका, हे तर आहेच. पण एखादी गोष्ट जड लागली, तर ती हलकी करायच्या आधी जरा विचारा की ही जड कशासाठी आहे. आणि ज्याच्यासाठी करताय, त्यालाही विचारा. हात जोडून सांगते.

आता जळबाबाबांचं वय झालं. मागच्या पावसाळ्यात छातीत दुखलं म्हणून डॉक्टरांकडे नेलं, तर ते म्हणाले, रोज थोडी सायकल चालवा, सोसेल तेवढीच. परवा ते पहिल्यांदाच माझ्यावर बसले. पायडलवर जोर लावला. मी करकरले.

"लई जड चालून राहिली गं ही," ते म्हणाले.

करुणा बाजूलाच बसून बुटांना पॉलिश करत होती. तिचा ब्रश चालूच राहिला. बाबांचा हात फळीकडे गेला. कुप्पी अजून तिथेच आहे. माझं चाक जागच्या जागी थिजलं.

हात तसाच मागे आला. त्यांनी खाली वाकून नवारीच्या पट्ट्यावरून बोट फिरवलं, कोरडा आहे ना ते बघितलं आणि पुन्हा पायडलवर जोर लावला.

उतरले तेव्हा कपाळावर घाम होता आणि मीटरवर अर्धा किलोमीटरसुद्धा नव्हता. करुणाने वाकून तो आकडा वाचला आणि मोठ्याने सांगितला. त्या तेलाच्या दुपारनंतर पहिल्यांदाच मला माझ्या आकड्याची लाज वाटली नाही.