माझी चावी काढली तेव्हा

मित्रांनो, महाडमध्ये नदीपासून थोड्या अंतरावर एक लहानशी बाग आहे. दोन झोपाळे, एक घसरगुंडी, चार बाकडी आणि कडेने फिरायची वाट. त्या वाटेच्या कोपऱ्यात सिमेंटच्या ओट्यावर मी उभा आहे. मी एक जुना पितळी नळ आहे.

वितळलेले पितळ साच्यात ओतून मला घडवले, कानशीने घासले आणि दुकानाच्या खोक्यात ठेवले. बाग झाली तेव्हा मी इथे आलो. त्याला आता वीस वर्षे झाली. माझ्या डोक्यावर एक चावी आहे. ती फिरवली की पाणी येते. सकाळी फिरणारी माणसे, घसरगुंडीवरून उतरलेली मुले, सगळी माझ्यापाशी थांबतात. मार्चमध्ये चवदार तळ्यावर लांबलांबची माणसे येतात. तेव्हा बागेची समिती माझ्या ओट्यावर पिंप आणि पेले मांडते आणि येईल त्याला पाणी देते. एका वर्षी पुरात मी चिखलात बुडालो होतो. बागेचे माळी येसाजी यांनी जुन्या टूथब्रशने माझ्यातला गाळ काढला. एवढे प्रेम नळाला पुरेसे असते.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत बागेत तीन कुटुंबे राहायला आली. मागच्या भिंतीला लागून त्यांनी निळी ताडपत्री बांधली. ही माणसे पोलादपूरकडच्या डोंगरातल्या एका वाडीतली होती. त्यांच्यात भागोजी आणि ठकूबाई हे म्हातारे जोडपे होते. पहाटे सगळ्यांच्या आधी ठकूबाई माझ्यापाशी येई, हंडा भरी आणि जाताना नारळाच्या काथ्याने माझा ओटा घासून जाई. बाकीच्या बायकाही इथेच भांडी घासत, कपडे धूत. ओट्याभोवती चिखल होऊ लागला. झोपाळ्याच्या दांडीवर ओल्या साड्या दिसू लागल्या.

लोकांची कुरकुर सुरू झाली. ती सगळी खोटी नव्हती. मुले चिखलात घसरत होती. बागेच्या समितीचे अध्यक्ष अनिलभाऊ यांचे औषधांचे दुकान आहे. रोज कोणी ना कोणी दुकानात जाऊन त्यांना सांगे, "भाऊ, बाग आता आपली राहिली नाही." एप्रिलमध्ये समितीची बैठक माझ्या शेजारच्या बाकड्यावरच झाली. दहा पावलांवर ताडपत्री होती, पण तिथे जाऊन कोणी काही बोलले नाही. ठरले ते इतकेच, की नळ बंद करायचा. पाणी नसले की माणसे आपोआप जातील.

दुसऱ्या दिवशी येसाजी पाना घेऊन आले. बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. मग त्यांनी माझी चावी काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

मित्रांनो, मी काळवंडलो होतो, बुडालो होतो, पण माझ्यात पाणी असून ते देता येत नाही, असे कधी झाले नव्हते. ठकूबाई हंडा घेऊन आली. माझ्या डोक्यावर हात फिरवून तिने पाहिले आणि रिकामा हंडा घेऊन ती परत गेली. त्या दिवसापासून बायका एस.टी. स्टँडवरून पाणी आणू लागल्या. महाडच्या एप्रिलच्या उन्हात ते अंतर सोपे नव्हते.

माणसे गेली नाहीत. चौथ्या दिवशी मात्र भागोजी आजारी पडला. बायको दोन खेपा घालून दमली हे पाहून तो तिला न सांगता बागेतल्या झाडांना घालायच्या टाकीतले साठलेले पाणी प्यायला होता. सकाळपर्यंत जुलाबांनी त्याचे डोळे खोल गेले.

राजनंदिनीताई रोज बागेत फिरायला येतात. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त आहेत. आठवडाभर त्या लेकीकडे गेल्या होत्या. त्या दिवशी फेरी संपवून सवयीने माझ्याकडे वळल्या, तर चावी नाही. तेवढ्यात ठकूबाई धावत आली.

"बाय, जरा बगा ना. ह्यांना उभं राहवत नाय."

ताईंनी ताडपत्रीखाली जाऊन भागोजीच्या अंगातले पाणी किती कमी झाले ते कळावे म्हणून त्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली. बाहेर येऊन त्यांनी अनिलभाऊंच्या दुकानात फोन लावला. "अनिल, जलसंजीवनीची पाकिटं घेऊन बागेत ये. लगेच." मग त्या येसाजींकडे वळल्या. "पाणी पाहिजे. चावी कुठं आहे?"

"समितीनं काढाया सांगितली, ताई," येसाजी म्हणाले. "मी काढली. पन घरी नेववली नाय. हितंच खिशात हाय."

"मग लावा."

येसाजी घाईघाईने चावी बसवू लागले. आटे दोनदा चुकले. तिसऱ्यांदा चावी बसली, आधी नुसती हवा आली, मग लाल पाणी आणि मग स्वच्छ धार.

अनिलभाऊ पाकिटे घेऊन आले. ती कोणासाठी आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हते. ताईंनी एक पाकीट फोडले, माझ्याखाली तांब्या भरून त्यात ते मिसळले आणि तो अनिलभाऊंच्याच हातात दिला. "पाज त्यांना. घोट घोट पाज."

अनिलभाऊ ताडपत्रीखाली वाकले. पहिल्यांदाच. अर्धा तांब्या संपल्यावर भागोजीने डोळे उघडले.

"मला वाटलं होतं, पाणी नसलं की तुम्ही जाल," अनिलभाऊ हळूच म्हणाले.

"जानार कुठं, दादा?" भागोजी म्हणाला. "आमच्या वाडीच्या वर डोंगराला भेग पडली. हितं राहू नका, असा कागद दिलाय सायबांनी. कुठं राहा, ते त्यात नाय लिवलं. पावसात शाळेत ऱ्हायलो, शाळा पुन्ना सुरू झाली तवा निघावं लागलं. मंग बिरवाडीला खोली घेतली, तर मजुरी सुटली, भाडं थकलं."

अनिलभाऊ उठले. रिक्षा बोलावून त्यांनी स्वतः भागोजीला दवाखान्यात नेले. तीन दिवसांनी तो परत आला.

त्या आठवड्यात समिती पुन्हा माझ्याजवळ बसली. या वेळी तिन्ही कुटुंबांनाही बोलावले होते. वाद झाला. दोन सभासद उठून गेले. भांडी कुठे घासायची, साड्या कुठे वाळवायच्या, हे ठकूबाईनेच सांगितले आणि ते सगळ्यांना पटले. राजनंदिनीताईंनी वाडीचे कागद गोळा करून नव्या जागेसाठी अर्ज लिहिला. अनिलभाऊंनी बिरवाडीत ओळखीच्या घरमालकांना भाड्यासाठी शब्द दिला, आणि पावसाच्या आधी दोन कुटुंबे तिथल्या खोल्यांत गेली. तिसरे मुंबईला मुलाकडे गेले. नव्या जागेच्या अर्जाचे उत्तर मात्र अजून आलेले नाही. भागोजी त्याची चौकशी करायला दर महिन्याला बिरवाडीहून महाडला येतो.

मित्रांनो, माझी निगा राखणे अवघड नाही. पाणी पिऊन झाले की मला घट्ट बंद करा, ओट्यावर चिखल करू नका. आणखी एक मागणे आहे. कोणाला इथून जा म्हणायचे असेल, तर त्यासाठी माझी चावी काढू नका. ते त्याच्यासमोर जाऊन, आपल्या तोंडाने सांगा. आणि सांगण्याआधी, तो जाणार कुठे, एवढे त्याला विचारा.