साडूच्या चड्डीचा कच्चा टाका

माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या तोंडून ही गोष्ट ऐकून तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि ज्याचा बसेल त्याने आधी डॉक्टर गाठावा. आपल्या या शिंप्याने एकदा अशी धाव घेतली, की त्याची सावली मागे राहिली आणि दमून पुलाच्या कठड्याला टेकली. खोटं वाटत असेल तर शिंपीणबाई इथेच दुकानात काजं करत बसल्यात, त्यांना विचारा. नको, राहू द्या. त्या कामात आहेत.

तर शिंपी तरुणपणी पळायचा. वाऱ्याने वाट पुसावी असा पळायचा. मग दुकान आलं, मशीन आलं, पोट आलं. पाय उरले ते पायडल मारण्यापुरते. पण त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. न पळताही घरातला पळणारा माणूस म्हणून नाव त्याचंच होतं.

आणि मग बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा पळायला लागला. चष्म्याच्या दुकानाचा मालक. सुटलेली बस पकडायलाही ज्याने कधी पाऊल उचललं नव्हतं, तो! ढेरी गेली, गाल गेले, आणि घरात त्याच्या नावाचा जप सुरू झाला.

"भाऊजी बघितलेत का? पोरासारखे दिसायला लागलेत," बायको म्हणाली.

"चष्मेवाला? अगं, मी पळायचो तेव्हा हा जिना चढताना धापा टाकायचा!"

"तेव्हाचं सोडा. आता कोण पळतंय?"

ते 'आता' शिंप्याला टाचणीसारखं टोचलं. दुसऱ्या दिवशी त्याने जुने बूट काढले, तर एकाचा तळवा माळ्यावरच राहिला. तसाच निघाला आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला मिठी मारून उभा राहिला. नेमका समोरून साडू आला. पळतोय, हसतोय, वर बोलतोयही.

"वा, साडूभाऊ! सावकाश घ्या हं. वय झालं आपलं."

आपलं म्हणे! दोघं एकाच वयाचे, पण त्या वाटणीत वय सगळं शिंप्याकडेच आलं होतं.

पुढे शिंपी रोज पळाला. गुडघे कुरकुरले, पोटऱ्यांनी संप केला, पण साडूची पाठ आपली पुढेच. तीही दिवसेंदिवस सडपातळ! वस्तीची शर्यत जवळ आली, तेव्हा साडू दुकानात आला आणि टेबलावर चड्डी ठेवली.

"कंबरेत फार सैल होते हो. तेवढी आवळून द्या."

म्हणजे साडूने बारीक व्हायचं आणि शिलाई शिंप्याने मारायची! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने कंबर आवळली, पण नुसता कच्चा टाका घालून. पक्की शिलाई बसेपर्यंत कापड धरून ठेवतो ना, तो दोरा. शिंकलं तरी सुटावा असा. पक्की शिलाई मारलीच नाही. घडी केली आणि चड्डी तयार कपड्यांत सारली.

शर्यतीच्या सकाळी आभाळ गच्च भरलेलं. साडू सगळ्यांच्या पुढे, आणि त्याच्या टाचेला टाच लावून शिंपी. जिंकायला नव्हे हो, चड्डी सुटताना बघायला! अख्खी वस्ती बघणार आणि आपणच चुकवायचं? छाती भात्यासारखी फुलली, पण हा थांबेना. नजर साडूच्या कंबरेवर. चढ गेला, उतार गेला. पुलावर साडूने जोर धरला आणि काय सांगू, टर्रकन टाका उसवला! चड्डी घोट्यात, साडू कठड्यावर, आणि आपला शिंपी बाणासारखा पुढे! ऊन असं कडक, की सावली बिचारी मागेच राहिली, आणि शेवटची दोरी शिंप्याच्या छातीने...

"आजोबा," शिंपीणबाईंनी दाताने दोरा तोडला. "आत्ताच आभाळ भरवलंत ना? मग सावली कुठली पडली? आणि तयार कपड्यांत मला कच्चा टाका दिसला, म्हणून पक्की शिलाई मीच मारली. दुहेरी. भाऊजी पहिले आले, चड्डीसकट."

"आणि हे?" कुणीतरी विचारलं.

"हे दुसरे. जळण्याच्या नादात थांबायचंच विसरले."

"तरीच सुटेना!" शिंपी मशीनवरून ओरडला, आणि मग त्याने जीभ चावली.