स्वतःच्याच लेकीची ओटी

शनिवारी सकाळी सिंगापूरमधल्या सेंगकांगच्या त्या फ्लॅटमध्ये नुसती धांदल उडाली होती. अनुयाचं डोहाळजेवण होतं ना! तिची आई, साधनाबाई, पहाटेपासून स्वयंपाकघरात उभ्या होत्या. नवरा गेल्यावर दोन वर्षांपूर्वी त्या पुण्याहून धाकट्या दिराकडे राहायला आल्या. लेक लग्न होऊन इथेच, चोआ चू कांगला. आज तिची ओटी भरायची, एवढंच त्यांनी मनात धरलं होतं.

दहा वाजता धाकटी जाऊ अनघा स्वयंपाकघरात आली. "वहिनी, तुम्ही आता आतल्या खोलीत बसा हं."

"ओटी भरते नि लगेच जाते गं."

"सवाष्णींचं काम ते. दर वेळी सांगायला हवं का?"

साधनाबाई हात पुसत आत गेल्या.

पाहुण्या जमल्या. अनघाचा नवरा हेमचंद्र हार्बरफ्रंटच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. लेकीचं कौतुक मिरवायची त्याला भारी हौस. "गार्गी, तुझा हिस्टरी प्रोजेक्ट वाच की! मराठीत!"

"आत्ता? ओके लाह!" पंधरा वर्षांची गार्गी टुणकन उठली.

प्रोजेक्ट होता लॉर्ड हॅल्सवर्थवर. तिसऱ्या जॉर्ज राजाच्या काळातला हा इंग्लिश उमराव. काकांच्या मेहरबानीने एकविसाव्या वर्षीच पार्लमेंटात बसला. गुलामांच्या सुटकेसाठी त्याने तीन-तीन तास भाषणं ठोकली, लोकांनी त्याची बग्गी खांद्यावर उचलायची तेवढी बाकी ठेवली.

"वा! याला म्हणतात पुढारी!" हेमचंद्र म्हणाला. टाळ्या पडल्या.

गार्गी पुढे वाचू लागली. थोरला भाऊ वारला, वाडा आणि किताब हॅल्सवर्थला मिळाला. आठवड्याच्या आत त्याने विधवा भावजयीला बागेच्या टोकाच्या ओलसर घरात धाडलं. तिच्या मुलीचं लग्न लागलं तेव्हा तिला चर्चमध्येही येऊ दिलं नाही. ती बग्गीत, पडद्याआड बसून राहिली.

"बाई गं! पोटच्या मुलीचं लग्न, आणि आईच नाही?" अनुयाच्या सासूबाई, विनीताबाई, हळहळल्या. "माणूस की राक्षस!"

"साधनाकाकूपण आतच बसलीय," गार्गी म्हणाली. "त्या खोलीत."

"गार्गी, पुरे!" हेमचंद्र ओरडला.

पण तिने जाऊन दार उघडलंसुद्धा. काकूचा हात धरून तिला हॉलमध्ये आणलं. साधनाबाईंच्या ओंजळीत नारळ होता, ब्लाउजपीस होता, तांदूळ होते. खोलीत एकट्याच सगळं मांडून बसल्या असाव्यात. त्या लेकीसमोर वाकल्या.

अनुयाने झटकन पदर ओढून पोट झाकलं.

"आई, नको ना. बाळाला काही झालं तर?"

विनीताबाईंनी सुनेकडे पाहून मान डोलावली.

ओंजळीतले तांदूळ फरशीवर सांडले. साधनाबाईंनी ते दाणा दाणा वेचले, आत गेल्या, आतून कडी लावली.

"चला, पुढची सवाष्ण कोण?" कुणीतरी विचारलं.

"माझी ओटी भरायची वेळ येईल ना, तेव्हा पहिली काकू भरेल! नाहीतर मला डोहाळजेवणच नको!" गार्गी म्हणाली.

अनघाने सगळ्यांदेखत तिच्या कानाखाली वाजवली.

गाल लालबुंद झाला. गार्गीने डोळे पुसले आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, बंद दाराआड नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.