अंबाडीचं पाणी

मादन हिप्परग्याच्या अलीकडं एक लहानसं गाव आहे. तिथल्या मराठी शाळेत सुधारानी मॅडमनी नववीच्या मुलींना ओढ्याचं पाणी तपासायला शिकवलं. शनिवारी शाळा सुटली की अंजू आणि प्रियंका औषधांच्या बाटल्यांची पेटी घेऊन निघायच्या. वर पुलाशी, मधे वडाखाली आणि खाली प्रियंकाच्या वस्तीजवळ पाणी भरायच्या, त्यात औषधाचे थेंब टाकायच्या. पाण्यात ऑक्सिजन असला की ते तांबूस व्हायचं, नसला की पांढुरकं. रंगावरून मिळालेला आकडा शाळेच्या कॉम्प्युटरवरून एका संकेतस्थळावर चढवायचा. तिथं त्याचा आलेख दिसायचा, आणि दुसऱ्या गावांतल्या शाळांनी तपासलेले ओढेही.

दिवाळीनंतर एका शनिवारी प्रियंकाला ताप होता, म्हणून अंजू एकटीच गेली. सोमवारी प्रियंकानं आलेख उघडला तर तिन्ही जागांची रेघ नेहमीसारखीच. तिला ते पटेना. वस्तीजवळ पाण्याला वास सुटला होता, काठाला मासे मरून पडले होते. तिची आई पार्वतीबाई धुणं हापशावर न्यायला लागली होती.

मधल्या सुट्टीत तिनं अंजूला बाजूला घेतलं. "खालचं पाणी तपासलंस का खरंच?"

अंजू खाली बघत म्हणाली, "तपासलं. पांढरं झालं. वडाखालचं बी."

"मग आकडा चांगला कामून टाकलास?"

"वडाखाली आमच्या अज्जाची अंबाडी भिजायलीय."

अंबाडीच्या पेंढ्या पाण्यात कुजवल्या की साल सुटते आणि दोर वळायला वाख मिळतो. अंजूचे आजोबा उद्धवराव दरवर्षी त्या ओढ्यातच कुजवायचे. यंदा पेंढ्या जास्त होत्या आणि पाणी कमी, म्हणून कुजताना पाण्यातला ऑक्सिजनच संपला.

"आज्जी गेल्यापासून त्यो कुणाशी बोलत न्हाई," अंजू म्हणाली. "दोर वळत बसतो तेवढाच. गावानं त्याला नावं ठेवली तर तेबी सोडंल."

प्रियंकाचा राग गेला नव्हता, पण तिला अंजूचा चेहरा बघवेना. "मॅडमला मी काय सांगत न्हाई," ती म्हणाली. "पर वास आमच्या दारात यायलाय. आधी अज्जाला सांगू."

संध्याकाळी दोघी पेटी घेऊन अंजूच्या घरी गेल्या. उद्धवराव ओसरीवर वाख विंचरत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आमचा बाप बी तिथंच भिजवायचा," एवढंच म्हणाले.

"मासं मेल्यात, अप्पा," प्रियंका म्हणाली.

म्हातारा काठी घेऊन उठला. "दाखवा."

मुलींनी पुलाचं पाणी एका बाटलीत घेतलं, वडाखालचं दुसऱ्या. थेंब पडले तशी एक तांबूस झाली, दुसरी ताकाच्या निवळीसारखी राहिली. उद्धवरावांनी दोन्ही बाटल्या उजेडाकडं धरून पाहिल्या.

"तुझी माय मला कामून न्हाई बोलली?"

"तुमाला कसं म्हणावं, म्हणली," प्रियंका म्हणाली.

म्हाताऱ्यानं बाटल्या मुलींच्या हातात दिल्या आणि काठी टेकत घराकडं वळला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलानं, शिवशंकरनं, विहिरीजवळ खड्डा खणला, मोटारीनं पाणी भरलं आणि पेंढ्या तिकडं हलवल्या. उद्धवराव स्वतः वस्तीवर आले. इतक्या वर्षांत ते तिथं कधी आले नव्हते. पार्वतीबाईंनी चटई टाकली, चहा केला. उद्धवरावांनी चटईवर बसून तो घेतला. "मेल्याली मासं परत आणायचं मला जमायचं न्हाई, बाई," ते म्हणाले. "पर हितनं पुढं काय असलं तर मला येऊन सांगा."

"सांगीन की," पार्वतीबाई म्हणाल्या.

मॅडमना अंजूनं आपणहून सांगितलं. मॅडम रागावल्या, पण पेटी काढून घेतली नाही. अंजूनं खरे आकडे चढवले, तशी रेघ एकदम खाली कोसळली. शेऱ्याच्या चौकटीत कारण लिहायचं होतं.

"अज्जाचं नाव लिवू?" अंजूनं विचारलं.

"नाव कशाला? अंबाडी लिही, आणि खड्डा काढला तेबी लिही," प्रियंका म्हणाली.

पुढच्या शनिवारी आकडा थोडा वर सरकला, फार नाही. पण करजगीकडच्या एका शाळेनं शेऱ्याखाली विचारलं होतं, 'आमच्या ओढ्यात पण अंबाडी भिजवतात. खड्डा केवढा लागतो?' दोघी ते विचारायला उद्धवरावांकडं गेल्या. त्यांनी दोर बाजूला ठेवला, खड्ड्यापाशी नेलं आणि काठीनं जमिनीवर रेघा ओढत सांगायला सुरुवात केली.